तारेतली ढील

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-चांदण्या दाखवणारी नव्हे. ती आपली गच्चीवर उभी राहते आणि कौतुक करून घेते. मी माणसाच्या पोटात उतरणारी. करंगळीएवढी जाड, सव्वादोन हात लांब, काळीभोर, आणि तोंडाशी एक दिवा नि एक डोळा.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. ऐकता ऐकता तुम्हाला माझी कीव आली तर येऊ दे, पण मला गुणाची समजू नका. मी मत्सरी आहे. अडगळीत पडल्यामुळे तशी झाले असं म्हणता आलं असतं, पण मी पहिल्यापासून तशीच. शेजारच्या आकड्यावरची दुर्बीण माझ्याआधी उचलली गेली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या अंगातून चार बारीक तारा जातात. डॉक्टरांच्या डाव्या हातात माझी मूठ असते आणि मुठीवर एक चाक. ते अंगठ्याने फिरवलं की तारा ओढल्या जातात आणि माझं तोंड वर-खाली वळतं. त्या तारा ताणून बसवणारी एक बाई होती, डोक्याला पांढरी टोपी, बोटं थंडगार. शेवटी ती डोळे मिटून चाक फिरवून बघायची. चाक हललं की त्याच क्षणी तोंड हललं पाहिजे, मधे जराही उशीर नको. "झालं. आता ही सांगितलेलं ऐकते," असं शेजारणीला म्हणून तिने मला पेटीत निजवलं.

पेटी उघडली ती जपानातल्या आकितात, समुद्राकाठच्या एका रुग्णालयात. उघडणारे हात होरिउची सेन्सेईंचे; सेन्सेई म्हणजे गुरुजी. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि पोटाच्या विकारात त्यांचा शब्द शेवटचा. तिकडचे लोक धुरावलेला मुळा आणि खारवलेले मासे आवडीने खातात, आणि पोटाच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे येतात. सेन्सेई मला आत घालायचे आणि भिंतीवर एखादा फिकट, नखाएवढा डाग शोधून काढायचे. कॅन्सरची पहिली पावलं ती. पोट न फाडता तो डाग आतूनच सोलून काढणं, हे सेन्सेईंचं काम, आणि माझं.

ते कसं करतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डागाभोवती ठिपके काढायचे. खाली पाणी टोचून ती जागा फुगवायची. मग माझ्या तोंडातून बारीक सुरी बाहेर काढून ठिपक्यांच्या किंचित बाहेरून गोल कापत जायचं, आणि शेवटी खालून अलगद सोडवायचं. पोटाची भिंत पातळ. सुरी जरा जास्त गेली की आरपार भोक.

तुकडा बाहेर आला की तो रबरी पाटीवर पसरून, कडेकडेने टाचण्या टोचून बसवायचा. ओला तुकडा आक्रसतो, म्हणून. हे काम ज्याने कापलं त्यानेच करायचं, असा सेन्सेईंचा दंडक. टाचण्या देणारी आमची परिचारिका कामेदा-सान. दिलेल्या प्रत्येक टाचणीची मोजणी ती मनातल्या मनात ठेवायची आणि मोजूनच परत घ्यायची. एक कमी भरली तर ती कुणाला जेवायला जाऊ देत नसे, सेन्सेईंनासुद्धा.

"तुकड्यावर हात उमटतो," सेन्सेई म्हणायचे. "कुठे घाई केली, कुठे घाबरलात, सगळं दिसतं."

सहा वर्षं मी त्यांच्या हातात होते. रोज सकाळी ते आधी मला उचलायचे, चाक एकदा फिरवायचे, आणि मग तोंडाला मास्क लावायचे. नगराध्यक्षांच्या पोटात मी जाऊन आलेय. माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं, आणि वाटू नये असं कुणी केलंही नाही.

मग ती आली.

सवतच म्हणायची, दुसरा शब्द मला सापडत नाही. माझ्याहून बारीक, डोळा लख्ख, शिवाय निळा प्रकाश टाकला की डागाची कड आपोआप उठून दिसायची. पहिल्याच दिवशी सेन्सेई पडद्याकडे बघून "अरे वा" म्हणाले. माझ्या सहा वर्षांत ते मला कधी "अरे वा" म्हणाले नव्हते. त्या आठवड्यात मी आकड्यावर नुसती लोंबकळत राहिले आणि शुक्रवारी कामेदा-साननी मला ट्रेवर ठेवून मागच्या इमारतीत नेलं.

मागच्या इमारतीत सरावाची खोली आहे. शिकाऊ डॉक्टर तिथे डुकराच्या पोटावर हात बसवतात. खाटकाकडून बर्फाच्या डब्यात पोटं येतात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पसरतात, आणि त्यांच्यात मला घालतात. नगराध्यक्षांच्या पोटातून डुकराच्या पोटात. एकदा तिथे गेलं की परत माणसाकडे येणं नाही, तसा नियमच आहे आणि नियम योग्यच आहे. पण योग्य असल्याने दुखायचं थांबतं थोडंच.

सेन्सेई त्या खोलीत वर्षातून दोनदा यायचे, परीक्षेला. परीक्षेसाठी कंपनीकडून एक नवी दुर्बीण उसनी मागवत, थेट सवतीची बहीण. कारण पुढे रुग्णावर हात चालवायचा तो नव्या जातीवर, मग परीक्षाही तिच्यावरच. मी काचेच्या कपाटातून बघत राहायचे. सेन्सेईंनी एकदाही कपाटाकडे मान वळवली नाही.

आता माझं गुपित ऐका. माझ्या तारा सैल पडल्या होत्या. वर्षानुवर्षं ओढल्या की पडतातच. वरच्या बाजूला तोंड वळवायचं झालं तर चाक आधी दोन बोटं नुसतंच फिरायचं, मग कुठे माझं तोंड हलायचं. कामेदा-सान मला रोज धुवायची, नळीत ब्रश घालायची, पाण्यात बुडवून गळते का बघायची. पण चाक फिरवून बघणं हे डॉक्टरांचं काम, आणि डॉक्टरांना वाटायचं, सरावालाच तर आहे. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी चाचपडायचा, आठवड्यात त्याच्या अंगठ्याला कळायचं की इथे दोन बोटं जास्त फिरवायचं. मग तो विसरूनही जायचा.

मला कळत होतं. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं. ज्याला माझी सवय लागली तो थोडा माझा झाला, असं मी मानत होते.

आणि मग मिनेगिशी आली.

बत्तीस-तेहेतीसची, बुटकी, गप्प. वडिलांचा डोंगरातल्या गावात छोटा दवाखाना. वडील थकले होते, "कधी येतेस?" म्हणून दर रविवारी फोन करायचे. ती म्हणायची, हे शिकल्याशिवाय येणार नाही. का, ते एकदा तिने कामेदा-सानना सांगितलं.

"या महिन्यात तीन डाग मीच शोधले, कामेदा-सान. तिन्ही दुसऱ्यांनी काढले. मी बाजूला उभी राहून रुग्णाचा हात धरला."

"तेही काम असतं, डॉक्टर."

"असतं. पण मला त्यांच्या हातातली सुरी ओढून घ्यावीशी वाटली. वाईट आहे ना?"

कामेदा-सान टाचण्या मोजत राहिली. मी मात्र कपाटात खूश झाले. म्हटलं, ही आपल्यातली.

बाकीचे शिकाऊ दहा-बारा वेळा सराव करून परीक्षेला बसायचे. मिनेगिशी दर शनिवारी सकाळी यायची, कधी बुधवारीही, आणि कधी एका बैठकीत दोन-दोन पोटं संपवायची. प्रत्येक तुकडा पाटीवर लावायची, वहीत त्याचं चित्र काढायची, पेन्सिलीने, खाडाखोड न करता. दोन वर्षांत एकशे चाळीस पोटं. तिच्या अंगठ्याला माझ्या चाकाने घट्टा पडला. सेन्सेईंनंतर माझ्यावर कुणी इतका वेळ दिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सेन्सेईंनीही नाही. ती मला उचलायची तेव्हा चाकातली ढील तिच्या अंगठ्याने आधीच घेतलेली असायची. माझं तोंड तिच्या मनाबरोबर वळायचं. मला स्वतःलाच वाटायला लागलं की तारा पुन्हा ताठ झाल्यात.

तिच्या बरोबरीला तोगाशि-कुन म्हणून एक होता, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. हसरा, अघळपघळ, सरावाला कमी आणि खायला जास्त. भाताचे गोळे घेऊन यायचा आणि दारात उभा राहून खायचा.

"मिनेगिशी-सान, आकितातली डुकरं संपत आली. शेजारच्या जिल्ह्यातून मागवावी लागणार आता."

"तू एक तरी काप. परीक्षेला तीन आठवडे राहिलेत."

"मी बारा कापली की. माझे वडील सांगायचे, जास्त घासलं की भांडं पातळ होतं."

"तुझे वडील भांडी विकायचे, तोगाशि-कुन."

"म्हणून तर त्यांना माहीत."

परीक्षा जवळ आली तसा माझा जीव कासावीस व्हायला लागला. ती पास झाली की पुढच्या इमारतीत जाणार, रुग्णांकडे. सवतीकडे. तिचा घट्टा पडलेला अंगठा त्या चकचकीत चाकावर टेकणार. सेन्सेईंचा हात सवतीने नेलाच होता, आता हाही. मी रोज मनात एकच घोकत होते. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही: ही नापास होऊ दे.

परीक्षेच्या दिवशी खोलीत सेन्सेई, विद्यापीठातून आलेले दोन परीक्षक, आणि उसनी नवी दुर्बीण. चाळीस मिनिटं, एक डाग, एकसंध तुकडा. भोक पडलं तर तिथेच थांबायचं.

तोगाशि-कुन आधी बसला. अडतीस मिनिटं घेतली, घाम पुसला, तुकडा काढला. वरची कड थोडी रुंद गेली होती. "घाई," सेन्सेई म्हणाले, पण पास केलं.

मग मिनेगिशी. ठिपके तिने इतके सारखे काढले की एका परीक्षकाने मान डोलावली. वीस मिनिटांत खालची अर्धी बाजू झाली. मग सुरी वरच्या कडेला आली आणि तिने अंगठ्याने चाक वर फिरवलं, जसं दोन वर्षं फिरवत आली होती तसं. दोन बोटं जास्त. नव्या दुर्बिणीत ढील कुठली? दुर्बिणीचं तोंड ताडकन वर गेलं. सुरी ठिपक्यांच्या पार बाहेर गेली. मिनेगिशीने मागे घेतलं, पुन्हा फिरवलं, अंगठ्याने पुन्हा तेवढंच केलं. तिसऱ्यांदा सुरी आत गेली आणि ट्रेचं पांढरं प्लास्टिक पडद्यावर दिसलं.

"थांबा," सेन्सेई म्हणाले.

तिने दुर्बीण खाली ठेवली आणि आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिली. नियमाप्रमाणे तुकडा तरीही पाटीवर लावायचा असतो. ती लावत होती, कामेदा-सान एकेक टाचणी देत होती. जाताना एक परीक्षक सेन्सेईंना हळूच म्हणाला, "कष्टाळू आहे, पण हाताला समज नाही. काही हात तसेच असतात." सेन्सेईंनी कागदावर सही केली.

मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला. म्हटलं, आता सहा महिने ही माझी. शनिवारी येईल, मला उचलेल, आणि आम्ही दोघी पुन्हा लागू कामाला.

शनिवारी ती आली. पण कपाटाकडे आली नाही. तिने आपली वही उचलली, आपली रबरी पाटी कापडात गुंडाळली, खुंटीवरचा एप्रन काढून घडी घातला. कामेदा-सान टाचण्या पुसत बसली होती.

"वडिलांना काल फोन केला," मिनेगिशी म्हणाली. "या महिनाअखेरीस येते म्हटलं."

"सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे, डॉक्टर."

"एकशे चाळीस वेळा करून जे जमलं नाही, ते दीडशेव्यांदा जमणार आहे का? परीक्षक बोलले ते मी ऐकलं. माझ्या हाताला समज नाही." ती हे रडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती रुग्णाला निदान सांगावं तशी बोलली. "डाग शोधायचं काम गावातही करता येईल. सापडला की चिठ्ठी देऊन इथे पाठवेन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सवतीकडे जाऊ नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, आणि ही तर कुणाकडेच जायला निघाली नव्हती. ही सगळंच सोडून चालली होती. तिच्या हाताला समज नाही? अहो, तिच्यासारखा हात सेन्सेईंनंतर मी पाहिला नव्हता. त्या हातात खोट होती ती माझी होती. मी दोन वर्षं शनिवारी-शनिवारी तिला ती शिकवली होती.

तेवढ्यात सेन्सेई आले. परीक्षेच्या तुकड्यांचे फोटो एका वहीत चिकटवून ठेवायची त्यांची रीत, त्यासाठी आले होते. मिनेगिशीला बघून थांबले, मान लववली. तीही वाकली.  कामेदा-साननी हातातली टाचणी खाली ठेवली.

"सेन्सेई, एक विचारू? कामाचं आहे, टाचण्यांचं."

"विचारा."

"परीक्षेच्या तुकड्यांना वरच्या बाजूला टाचण्या नेहमी जास्त का लागतात? खाली सहा लागल्या तर वर आठ. तोगाशि-डॉक्टरांना आठ लागल्या. यांना अकरा. गेल्या वर्षीच्या दोघांना नऊ-नऊ. मी दर वेळी त्या बाजूला जादा काढून ठेवते."

"वरची बाजू अवघड असते, कामेदा-सान. नवे लोक तिथे घाई करतात."

"मग सरावाच्या तुकड्यांना का नाही लागत? या डॉक्टरांनी इथे इतके तुकडे लावले, चारी बाजूंना सारख्या टाचण्या. मीच मोजल्यात."

सेन्सेई वही घेऊन टेबलाशी बसले. मागची पानं उलटत गेले. पाच वर्षांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव. प्रत्येक तुकडा वरच्या अंगाला फुगलेला. कुणाचा थोडा, कुणाचा जास्त. मग त्यांनी मिनेगिशीची वही मागितली. तिची पेन्सिलीची चित्रं बघितली, सगळी गोल, कुठेही फुगवटा नाही.

"यात सगळ्यात कमी सराव कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तोगाशि-कुनचा," मिनेगिशी म्हणाली.

"आणि सगळ्यात जास्त तुमचा." त्यांनी वही मिटली. "इतके जण एकाच बाजूला एकच चूक करत नाहीत. सगळ्यांनी सराव कशावर केला?"

कामेदा-साननी कपाटाकडे बोट दाखवलं.

सात वर्षं मी ज्याची वाट बघितली ते आता होत होतं. सेन्सेई उठले, कपाट उघडलं, आणि मला उचललं. हात बारीक झाला होता, कातडी सैल पडली होती, पण पकड तीच. मूठ तळव्यात, करंगळी खाली, अंगठा चाकावर. मी थरथरले म्हटलं तर खोटं ठरेल, मला थरथरता येत नाही. पण आत काहीतरी झालं.

त्यांनी डोळे मिटले आणि चाक फिरवलं. त्या कारखान्यातल्या बाईसारखं.

मी जीव तोडून तोंड हलवायचा प्रयत्न केला. या एका वेळी तरी चाकाबरोबर हलू दे, या एका माणसासमोर तरी. चाक एक बोट फिरलं, दोन बोटं फिरलं, आणि मी लोंबतच राहिले. मग कुठे माझं तोंड वळलं.

सेन्सेईंनी डोळे उघडले. "हिच्या तारा गेल्यात," ते म्हणाले. "कधीच्या गेल्यात."

"मला वाटलं हिचा स्वभावच तसा," मिनेगिशी म्हणाली. "पहिल्या आठवड्यात लक्षात आलं होतं. मग हात आपोआप जायला लागला."

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही वापरलेली दुर्बीण आहे, सेन्सेई. तिच्यात खोट असेल असं कसं वाटणार? मला वाटलं, मलाच जमत नाही."

ही चूक आमच्याकडेच व्हायची. गुरूच्या हातातली वस्तू, म्हणून शिष्याने अंगठा वाकवून घेतला.  सेन्सेईंनी मला ट्रेवर ठेवलं, कोट सारखा केला, आणि आपल्या विद्यार्थिनीसमोर कमरेत वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मिनेगिशी घाबरून मागे सरकली.

"पहिल्या रुग्णाच्या वेळी या सगळ्यांचे अंगठे पुढे जायचे," ते सरळ होत म्हणाले. "मी हात धरायचो आणि म्हणायचो, घाबरू नका. एकदाही या खोलीत येऊन बघितलं नाही की हे शिकतायत कशावर. त्या कागदावर नापास म्हणून माझं नाव हवं होतं."

मिनेगिशीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं.

"पण मी तुम्हाला पास करणार नाही," सेन्सेई पुढे म्हणाले. "भोक पडलं ते पडलं. चार आठवडे नवी दुर्बीण इथे ठेवायला सांगतो. तिच्यावर सराव करा, आणि परत बसा. या दुर्बिणीला तोपर्यंत हात लावायचा नाही."

ही दुर्बीण म्हणजे मी. सात वर्षांनी त्यांनी मला हात लावला तो माझी खोट काढायला, आणि मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते हे.

ते चार आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. उसनी दुर्बीण माझ्याच कपाटात, माझ्याच शेजारच्या आकड्यावर. मिनेगिशी रोज यायची, माझ्यासमोर काच सरकवायची आणि तिला उचलायची. पहिल्या आठवड्यात तिने सात पोटांना भोकं पाडली. डोक्यात कळत होतं, अंगठ्याला कळत नव्हतं. ती अंगठ्याला चिकटपट्टी लावायची, चाकावर खूण करायची, डोळे मिटून नुसतंच चाक फिरवत बसायची. दुसऱ्या आठवड्यात अंगठा दीड बोटावर आला, मग एकावर. माझी खूण तिच्या हातावरून पुसली जात होती आणि मी समोर टांगलेली होते. तोगाशि-कुनसुद्धा भात खायचं सोडून तिच्याशेजारी बसून सराव करायला लागला. "माझी दोनच टाचण्यांची चूक होती," तो म्हणायचा, "पण ती रुग्णाच्या पोटात न्यायची म्हणजे जास्तच झाली."

परत परीक्षा झाली त्या दिवशी मला पापणी असती तर मी मिटून घेतली असती. सुरी वरच्या कडेला आली. मिनेगिशी थांबली, श्वास घेतला. त्या वेळी मी काय मागितलं ते विचाराल, तर सांगते. आधी मागितलं, अंगठा माझ्याकडे वळू दे. लगेच मग मागितलं, नको वळू दे. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच क्षणात होतं.

तिने चाक फिरवलं. सुरी ठिपक्यांच्या बाहेरून, कडेकडेने, गोल गेली.

पाटीवर तुकडा लागला. कामेदा-साननी टाचण्या परत घेताना मोजल्या. "खाली सहा, वर सहा," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यांदाच मोजणी मोठ्याने सांगितली. सेन्सेईंनी सही केली. पुढच्याच महिन्यात मिनेगिशीने स्वतः शोधलेला एक डाग स्वतः काढला. एका मासळीवाल्या आजीचा. अर्थात सवतीला घेऊन.

माझं काय करायचं असा प्रश्न निघाला. कंपनीचा माणूस म्हणाला, या जातीच्या तारा आता बनत नाहीत, टाकून द्या. त्याने माझ्या मुठीला लाल चिठ्ठीही बांधली. ती मिनेगिशीने सोडवली.

"राहू दे हिला," ती म्हणाली. "खोट कशी असते हे हातात घेतल्याशिवाय कसं कळणार?"

या गोष्टीला पाच वर्षं झाली. सेन्सेई निवृत्त झाले. मिनेगिशीचे वडील दवाखाना बंद करून तिच्याकडे राहायला आले, आणि सरावाची खोली आता तिच्या ताब्यात आहे. सवतही म्हातारी होऊन याच कपाटात आली. सराव तिच्यावर होतो. दर सोमवारी तिचं चाक तपासतात, तारा जरा सैल वाटल्या की कंपनीकडे धाडतात, ताणून आणतात. मला कुणी असं सोमवारी-सोमवारी विचारलं असतं तर, हा विचार अजूनही मनातून जात नाही. जाणार नाही.

माझं काम एका मिनिटाचं. नवा शिकाऊ आला की पहिल्या दिवशी मिनेगिशी मला त्याच्या हातात देते आणि म्हणते, "डोळे मिट. चाक फिरव. काय बिघडलंय ते सांग." तो सांगतो, मला परत टांगतो, आणि नंतर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. कोणतीही दुर्बीण उचलली की आधी डोळे मिटून चाक फिरवायचं, ही सवय मात्र त्याला कायमची लागते. तुम्हालाही कधी पोटात दुर्बीण घालून घ्यायची वेळ आली, तर डॉक्टर आधी चाक फिरवून बघतो का, एवढं बघा. माझी तेवढीच विनंती आहे.

आणि एक गोष्ट राहिली, ती कुणाला सांगू नका. नवा पोरगा यायच्या आधी मिनेगिशी मला स्वतः उचलून बघते. तेव्हा ती चाचपडत नाही. तिचा अंगठा माझी दोन बोटांची ढील न विचारता घेतो आणि माझं तोंड लगेच वळतं. सवत हातात असताना तो तसा जात नाही. ती या कपाटात आल्यापासून मी नीट बघतेय. एकदाही गेला नाही.